मीटर, मोटर आणि माणसं: ऊर्जाकार्यक्षमतेमुळे कामाची पद्धत कशी बदलते? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कारखाने, कार्यालयं, रुग्णालयं, प्रयोगशाळा अशा ठिकाणी ऊर्जेचं काम बघणारे लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. त्यात यंत्रांचे प्रश्न कमी आणि माणसांचे जास्त आहेत, कारण येतात ते तसेच. सगळं सलग वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा, गरज पडेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऊर्जाकार्यक्षमता म्हणजे शेवटी दिवे-पंखे बंद करणंच ना?

नाही. दिवा बंद केला की प्रकाशही जातो, ती काटकसर. तेवढाच प्रकाश कमी विजेत मिळाला, तर ती कार्यक्षमता. काम करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. काटकसरीत त्याच्याकडून काहीतरी काढून घेतलं जातं. कार्यक्षमतेत फक्त पद्धत बदलायची असते. सूचनाफलकावरच्या पत्रकात या दोन गोष्टींची सरमिसळ झाली, की "आता आमचे पंखे जाणार" अशी कुजबुज दुपारपर्यंत सगळीकडे पोचलेली असते. मग पुढचे सहा महिने तीच निस्तरत बसावं लागतं.

२. नवीन, चांगलं यंत्र बसवलं की झालं. माणसांच्या सवयींचा संबंध कुठे येतो?

यंत्र चालवणारा माणूस जुनाच असतो, तिथे येतो.

पंख्याला लागणारी वीज त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग २० टक्क्यांनी कमी केला, तर ०.८ × ०.८ × ०.८ = ०.५१, म्हणजे वीज जवळपास निम्मी. यासाठीच पंख्यांना व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारी पेटी, बसवतात. मी पाहिलेल्या एका ठिकाणी व्हीएफडी बसवून वर्ष झालं होतं, पण बिलात फरक शून्य. पंख्यापाशी जाऊन बघितलं, तर डँपरचा (हवेची वाट कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) दांडा अर्धवट बंद ठेवून तारेने बांधलेला, आणि तारेवर गंज चढलेला. पूर्वी हवा जास्त यायची आणि पावडर उडायची, म्हणून ऑपरेटरने दांडा बांधून टाकला होता. त्या वेळी ते बरोबरच होतं. नंतर भिंतीवर नवी पेटी लागली, पण ती कशासाठी आहे हे त्याला कुणी सांगितलंच नाही. डँपर अर्धा बंद असल्यामुळे हवा पुरेना, म्हणून व्हीएफडी पूर्ण वेगाने पंखा पळवत होता. तार कापायला दोन मिनिटं लागली. ती कापायचा अधिकार कुणाचा, हे ठरायला दोन आठवडे.

३. वाया जाणारी ऊर्जा दिसत असूनही कुणी थांबवत का नाही?

कारण ती कुणाच्याच हद्दीत नसते. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे कॉम्प्रेस्ड एअर, म्हणजे यंत्रं चालवायला कंप्रेसरने दाबलेली हवा.

कंप्रेसरला दिलेल्या विजेपैकी साधारण १० ते १५ टक्केच शेवटी हवेच्या उपयोगी कामात उतरते, उरलेल्या विजेची उष्णता होते. एवढी महाग हवा, आणि देखभाल नीट नसेल तर तिच्यातली २० ते ३० टक्के गळतीतून जाते. ७ बार दाबाच्या लाइनला ३ मिलिमीटरचं एक भोक असेल, तर तेवढ्यासाठी कंप्रेसर साधारण ३ ते ४ किलोवॅट वीज खातो. वर्षभर लाइन चालू राहिली तर २५ हजार युनिटांच्या वर.

आता ही गळती कुणाची? कंप्रेसर युटिलिटीचा (हवा, वाफ, वीज पुरवणाऱ्या विभागाचा), पाइप मेंटेनन्सचा, टोकाचा होज प्रॉडक्शनचा आणि बिल अकाउंट्सचं. प्रत्येकाच्या ताब्यात एक तुकडा आहे, आख्खी गळती कुणाच्याच नावावर नाही. इथेच घोडं पेंड खातं.

एक चाचणी करून बघा. सुट्टीच्या दिवशी, सगळी यंत्रं बंद असताना फक्त कंप्रेसर चालू ठेवा आणि घड्याळ घेऊन बसा. कंप्रेसर २ मिनिटं लोड झाला (हवा भरत राहिला) आणि ६ मिनिटं अनलोड राहिला (हवा न भरता थांबला), तर ८ पैकी २, म्हणजे कंप्रेसरच्या क्षमतेच्या २५ टक्के गळती. या चाचणीला वरच्या चारही विभागांतला एकेक माणूस बोलवा. रिकाम्या शेडमध्ये चहूबाजूंनी फुसफुस ऐकू येते तेव्हा अहवाल वाचून दाखवावा लागत नाही. एरवी यंत्रांच्या आवाजात ती कुणालाच ऐकू आलेली नसते.

४. मग नेमकं कुणाचं काम बदलतं?

ऑपरेटरचं बदलतं, हे सगळ्यांना माहीत असतं. बाकीच्यांचं विसरलं जातं.

नियोजन करणाऱ्याला भट्टीच्या बॅच लागोपाठ लावाव्या लागतात, कारण मध्ये चार तासांची फट पडली की भट्टी रिकामीच तापत राहते. मेंटेनन्सचं काम "बंद पडलं की धावा" असं न राहता चालू यंत्रावर लक्ष ठेवण्याचं होतं. गळक्या जागेला टॅग लावायचा, स्टीम ट्रॅप (वाफेच्या लाइनमधलं पाणी काढणाऱ्या झडपा) तपासायचे, फिल्टर काळा पडण्याआधी बदलायचा. हे काम दिसत नाही आणि त्याचं कौतुकही होत नाही. रात्री दोन वाजता येऊन मोटर सुरू करणारा हिरो ठरतो, ती बंदच पडू न देणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही.

सगळ्यात जास्त बदलायला हवं ते खरेदी विभागाचं काम. सतत चालणाऱ्या मोटरच्या आयुष्यभराच्या खर्चात वीजच ९० टक्क्यांहून जास्त असते, खरेदीची किंमत त्यापुढे किरकोळ. तरीही निविदा उघडते ती खरेदीच्या किमतीवर, कारण खरेदी अधिकाऱ्याला विचारलं जातं "किती कमी केलंस?" एवढंच. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला विचारायचा प्रश्न बदला.

५. आमच्याकडे दोन विभागांत कायम भांडण असतं. युटिलिटीवाले हवेचा दाब कमी करतात, प्रॉडक्शनवाले पुन्हा वाढवतात. काय करायचं?

दोघंही खरं बोलत असतात. ७ बारच्या आसपास दाब १ बारने कमी केला की कंप्रेसरची वीज साधारण ६ ते ७ टक्क्यांनी वाचते, हे युटिलिटीचं म्हणणं बरोबर. दाब उतरला की आपलं यंत्र अडतं, हे प्रॉडक्शनचंही बरोबर. चुकतं ते एवढंच, की दोघं बोलतात ते ईमेलवर.

दोघांना घेऊन अडणाऱ्या यंत्रापाशी उभे राहा आणि प्रेशर गेज तिथे लावा. पुष्कळदा निघतं असं, की चाळीस यंत्रांना ५.५ बार पुरतो आणि एकालाच ६.५ लागतो. तेही लाइनच्या अगदी शेवटी असल्याने, किंवा मधला फिल्टर चोंदल्याने. त्या एकासाठी आख्ख्या कारखान्याचा दाब चढवून ठेवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. फिल्टर बदला, पाइप जाड करा, नाहीतर त्या यंत्रापुरता बूस्टर द्या. दाब उतरवायचा तर एकदम नाही, आठवड्याला ०.१ बार, आणि कुठल्याही यंत्राने कुरकुर केली की तिथेच थांबायचं, असं आधी ठरवून घ्या. थांबायचं बटण प्रॉडक्शनच्या हातात दिलं की त्यांचा विरोध निम्म्याने कमी होतो.

६. जागोजागी सबमीटर लावले तर लोकांना वाटतं आपल्यावर पाळत ठेवली जातेय. खरंच तसं आहे का?

तुम्ही आकडे कुठे वापरता त्यावर अवलंबून आहे. मीटरचा पहिला आकडा जर मेमोत वाचायला मिळाला, तर ती पाळतच. तोच आकडा आधी ऑपरेटरच्या समोरच्या पडद्यावर आणि नंतर साहेबांच्या खोलीत गेला, तर ते ऑपरेटरचं हत्यार होतं.

माझं मत स्पष्ट आहे: पहिले तीन महिने सबमीटरचे आकडे कुणाच्याही मूल्यमापनात वापरायचे नाहीत आणि हे लेखी द्यायचं. नाहीतर लोक मीटरला फसवायला शिकतात. फसवलेला मीटर नसलेल्या मीटरपेक्षा वाईट.

७. पहिले दोन महिने छान बचत झाली, मग सगळं मूळपदावर. असं का होतं?

नव्याचे नऊ दिवस. कुणीतरी बघतंय म्हटल्यावर माणूस वेगळा वागतो. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून उजेडाचा कामावर काय परिणाम होतो याचे प्रयोग झाले. उजेड वाढवला त्या गटाचं काम वाढलं आणि ज्या गटाचा उजेड बदललाच नव्हता त्याचंही. नंतरच्या संशोधकांनी त्या निष्कर्षांवर बऱ्याच शंका घेतल्या आहेत, पण ऊर्जेच्या मोहिमांमध्ये हा अनुभव नेहमी येतो. पोस्टर लागतं, वीज उतरते. पोस्टर फाटतं, वीज चढते.

टिकते ती बचत रोजच्या कामात शिवलेली असते. शिफ्ट बदलताना लॉगबुकात "काय चालू ठेवलं आणि का" असा एक रकाना. यंत्र सुरू करायच्या क्रमात कुठलं किती वाजता, कारण सगळी यंत्रं एकदम सुरू केली की कमाल मागणी (एका वेळी ओढलेली सर्वांत जास्त वीज) उगाच वर जाते. नव्या माणसाच्या प्रशिक्षणात अर्धा तास. त्याला जर जुन्या सवयींच्या माणसाच्या हाताखाली शिकायला ठेवलं, तर तो जुन्याच सवयी उचलतो, हेही लक्षात असू द्या.

८. शिफ्टांमध्ये स्पर्धा लावावी का? सर्वांत कमी युनिट प्रतिटन वापरणाऱ्या शिफ्टला बक्षीस?

जपून. "युनिट प्रतिटन" हा आकडा दिसतो तितका सरळ नाही.

समजा, एका विभागाला महिन्याला ४०,००० युनिटं नुसतं चालू राहायला लागतात, माल निघो वा न निघो. त्यावर प्रत्येक टनामागे २०० युनिटं. महिन्याला १०० टन निघाले तर ६०,००० युनिटं, म्हणजे टनाला ६००. ४०० टन निघाले तर १,२०,००० युनिटं, म्हणजे टनाला ३००. टनामागचा वापर निम्म्यावर आला, आणि कुणी काडीचंही वेगळं केलेलं नाही! मोठी ऑर्डर मिळालेली शिफ्ट बक्षीस घेऊन जाते आणि कमी माल आलेली शिफ्ट मान खाली घालते. एकदा असं झालं की पुढची दोन वर्षं कुणी तुमच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

तुलना करायची तर अपेक्षित वापर आणि प्रत्यक्ष वापर यांची करा. १०० टनांना ६०,००० अपेक्षित होते, ५७,००० लागले, तर कौतुक त्या ३,००० चं. शिवाय स्पर्धेचा आणखी एक तोटा: चांगली युक्ती सापडलेली शिफ्ट ती दुसऱ्या शिफ्टला सांगत नाही. बक्षीस द्यायचंच असेल तर सगळ्या शिफ्टना मिळून द्या. नाहीतर युक्ती दुसऱ्याकडे पोचवणाऱ्याला द्या.

९. सूचना-पेटी ठेवली, कुणी चिठ्ठीच टाकत नाही.

मागच्या चिठ्ठ्यांचं काय झालं? ऑपरेटरला गळकी जागा तुमच्या ऑडिटरच्या कितीतरी आधी माहीत असते. पण त्याने ती दोनदा सांगून झालेली असते. पेटी काढून टाका आणि त्याच्या शेवटच्या दोन सूचनांपैकी एक या आठवड्यात पूर्ण करा. दुसरी का जमणार नाही, ते त्याच्या तोंडावर सांगा. नकाराने माणूस दुखावतो, पण उत्तरच मिळालं नाही तर तो बोलणंच सोडतो.

१०. आयएसओ ५०००१ घेतलं की हे सगळं आपोआप होईल का?

आपोआप काही होत नाही, पण चौकट मिळते. हे ऊर्जा व्यवस्थापनाचं मानक २०११ मध्ये आलं आणि २०१८ मध्ये सुधारलं गेलं. ते "इतकी युनिटं वाचवा" असं कुठेच सांगत नाही. ऊर्जा कुठे जास्त लागते ते शोधा, आधाररेषा (तुलनेसाठी धरायचा आधीचा वापर) ठरवा, निर्देशक ठेवा, जबाबदाऱ्या वाटा आणि सुधारणा होत राहते हे दाखवा, एवढंच ते मागतं. त्यातली सगळ्यात कामाची अट म्हणजे वरिष्ठ व्यवस्थापनाने स्वतः उत्तरदायी असणं आणि एक ऊर्जा-चमू असणं. प्रश्न ३ मधल्या बेवारस गळतीला त्यामुळे निदान एक मालक मिळतो.

धोका फायलींचा आहे. प्रमाणपत्र भिंतीवर आणि कंप्रेसर तसाच, अशी ठिकाणं कमी नाहीत.

११. खर्च एका विभागाने करायचा आणि बचत दुसऱ्याच्या खात्यात. मग कोण कशाला करेल?

कुणीच नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. इमारत मालकाची, बिल भाडेकरूचं: मालक चांगलं इन्सुलेशन का घालेल? सर्व्हर आयटीचे, शीतकरण इमारत विभागाचं: आयटीवाले खोली गारठवून ठेवतात, कारण सर्व्हर तापला तर ओरडा त्यांना बसतो आणि थंडाव्याचं बिल त्यांना दिसतच नाही. वातानुकूलन अभियंत्यांची अमेरिकी संघटना अॅशरे सर्व्हरसाठी १८ ते २७ अंश सेल्सिअसची शिफारस करते. तरी खोलीत स्वेटर घालून बसायची वेळ येते.

उपाय हिशेबाचे आहेत. एक तर बिल त्या-त्या विभागाच्या खात्यात टाका. नाहीतर बचतीची वाटणी करारात लिहा. काही भाडेकरारांत आता मालक-भाडेकरू दोघांनी खर्च आणि फायदा वाटून घ्यायचं कलम असतं. नुसत्या आवाहनावर हे सुटलेलं मी पाहिलेलं नाही.

१२. आमच्या संस्थेच्या बाहेरच्या लोकांवर बचत अवलंबून असेल तर?

जहाजांकडे बघा. जहाजाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनात वाढते. वेग १० टक्क्यांनी उतरवला तर शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी उतरते. प्रवास थोडा लांबतो, तो धरूनही त्या फेरीचं इंधन सुमारे १९ टक्के वाचतं. कप्तानाला हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. तरी जहाज जोरात येतं आणि बंदराबाहेर नांगर टाकून दिवसच्या दिवस उभं राहतं.

कारण कागदावर आहे. अनेक भाडेकरारांत जहाजाने शक्य तितक्या लवकर पोचावं असं बंधन असतं, आणि पुष्कळ बंदरांत आधी येईल त्याचा नंबर आधी. सावकाश येणारा कप्तान करार मोडतो आणि रांगही गमावतो. धक्का कधी रिकामा होणार हे बंदराने आधी कळवायचं, मालवाल्याने वेग कमी करायची मुभा द्यायची, आणि वाचलेल्या इंधनाचा वाटा कुणाला किती हे ठरवायचं. तिघांनी एकत्र बसल्याशिवाय इंजिनरूममध्ये कितीही सुधारणा केली तरी हे इंधन जळतच राहणार.

तुमच्याकडचा पुरवठादार, वाहतूकदार, मालक, ग्राहक यांच्यात अशी "रांग" कुठे आहे, ते आधी शोधा.

१३. ऊर्जेसाठी कामाच्या वेळा बदलणं योग्य आहे का?

कधी कधी फार उपयोगी पडतं, पण ओझं कुणावर पडतं ते बघा. २०११ च्या भूकंपानंतर जपानमध्ये विजेचा तुटवडा झाला. त्या उन्हाळ्यात तोक्यो आणि तोहोकू भागातल्या मोठ्या ग्राहकांना कमाल मागणी १५ टक्क्यांनी उतरवायची सक्ती होती. मोटार उद्योगाने जुलै ते सप्टेंबर गुरुवार-शुक्रवार सुट्टी घेऊन शनिवार-रविवारी काम केलं. विजेचं गणित जमलं. मात्र शनिवार-रविवारी पाळणाघरं बंद, मुलांना कुठे ठेवायचं हा प्रश्न घराघरांत उभा राहिला. (ही आणीबाणीची काटकसर होती, कार्यक्षमता नव्हे, प्रश्न १ पाहा.)

याच्या उलट उदाहरण सफाईचं. बऱ्याच कार्यालयांत सफाई रात्री होते, म्हणून मजलेच्या मजले रात्री उशिरापर्यंत उजळलेले. ती दिवसा केली की दिवे वाचतात आणि सफाई कर्मचाऱ्यांना रात्री घरी राहता येतं. अडचण येते ती टेबलावर बसलेल्यांकडून: व्हॅक्यूमचा आवाज नको, पायात कुणी नको. आवाज कमी करणारी यंत्रं आणि मजल्यानुसार ठरलेली वेळ यावर हे निभतं. आधी न दिसणारा माणूस रोज दिसायला लागला, की काही दिवसांनी लोक त्याला नावाने हाक मारू लागतात. हे कुठल्याही अहवालात येत नाही.

१४. थर्मोस्टॅटवरून रोज वाद. कोणतं तापमान "बरोबर"?

सगळ्यांसाठी एकच बरोबर तापमान नसतं. आरामदायी तापमानाच्या जुन्या सूत्रात शरीराच्या उष्णतेचा जो दर धरला होता, तो साधारण ७० किलो वजनाच्या, चाळिशीतल्या पुरुषाचा. नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की स्त्रियांसाठी तो दर बराच जास्त धरला जातो. म्हणजे शाल घेऊन बसलेली सहकारी नखरे करत नाहीये.

कपड्यांचा नियम सैल करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. जपान सरकारने २००५ मध्ये "कूल बिझ" मोहिमेत कार्यालयं २८ अंशांवर ठेवायला सांगितलं आणि त्याबरोबर कोट-टाय काढायला परवानगी दिली. दुसरं नसतं तर पहिलं टिकलं नसतं.

१५. कुठे हात लावायचाच नाही?

जिथे ऊर्जा सुरक्षिततेचं काम करते तिथे एकट्याने निर्णय घ्यायचा नाही. शस्त्रक्रिया चालू असताना तिथला वायुवीजन दर कमी करायचा नाही. थिएटर रिकामं असताना तो कमी करता येतो, पण खोलीतला धन दाब (बाहेरची हवा आत शिरू नये म्हणून ठेवलेला जास्त दाब) राखून आणि संसर्ग-नियंत्रणवाल्यांची सही घेऊनच. प्रयोगशाळेतल्या फ्यूम हूडचा (घातक वाफा ओढून घेणाऱ्या, समोर सरकती काच असलेल्या कपाटाचा) पंखा बंद करायचा नाही. काच खाली ओढायची, त्यात सुरक्षाही वाढते.

उणे ८० चा फ्रीझर उणे ७० वर आणला तर वीज साधारण ३० टक्क्यांपर्यंत वाचू शकते. पण आतले नमुने ज्याचे आहेत त्याला न विचारता तो आकडा बदलणाऱ्याला मी तरी माफ करणार नाही.

१६. कार्यक्षमता वाढली, तरी एकूण वापर कमी होत नाही. मग उपयोग काय?

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये हेच लिहिलं: वाफेची इंजिनं सुधारली तसा ब्रिटनमध्ये कोळशाचा वापर वाढला. स्वस्त झालं की जास्त वापरलं जातं. कामाच्या ठिकाणी हे छोट्या रूपात दिसतं, "आता एलईडीच आहेत, राहू देत चालू" अशा वाक्यांत. म्हणून नवं साधन आल्यावर वेळापत्रकही पुन्हा ठरवा. उत्पादन वाढल्यामुळे वापर वाढला असेल, तर तो दोष नाही. प्रश्न ८ मधलं गणित लावून बघा.

१७. बाहेरच्या कंपनीशी "बचत झाली तर पैसे" असा करार केलाय. आता बचत किती झाली यावरच वाद आहे.

बहुतेक वेळा वाद आधाररेषेचा असतो. करारानंतर तुम्ही तिसरी शिफ्ट सुरू केली, ऋतू बदलला, नवी लाइन आली. न वापरलेली वीज मीटरवर दिसत नाही, ती हिशेबाने काढावी लागते. त्यासाठी आयपीएमव्हीपी ही सर्वमान्य पद्धत आहे. तिच्या चार पर्यायांपैकी कोणता लावायचा, हे सही करण्याआधी ठरवा. शिफ्ट वाढली तर आधाररेषा कशी सरकवायची, हेसुद्धा. उत्पादनातले बदल त्यांना वेळच्या वेळी कळवणारा एक माणूस आपल्या बाजूने नेमा. हे आकडे पोचले नाहीत की संशयाला जागा मिळते.

१८. आम्ही बचत केली आणि पुढच्या वर्षी आमचं बजेट तेवढंच कापलं. आता माणसं ऐकत नाहीत.

त्यांच्या जागी तुम्हीही ऐकलं नसतं. बचत दाखवली की कात्री लागते, हे एकदा कळलं की प्रत्येक विभाग थोडी उधळपट्टी राखून ठेवतो, पुढच्या वर्षी "वाचवायला". हे मोडायचं तर वाचलेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा निदान दोन-तीन वर्षं त्याच विभागाकडे राहील, असं अर्थ विभागाकडून लेखी घ्या. कशावर खर्च करायचा हे त्या विभागाला ठरवू द्या. एका ठिकाणी मेंटेनन्सने त्या पैशातून आधी गळती शोधायचा अल्ट्रासोनिक डिटेक्टर घेतला आणि दुसऱ्या वर्षी स्वतःच्या खोलीसाठी नीट खुर्च्या. खुर्च्यांवरून वर थोडी कुरबुर झाली. पण डिटेक्टर आजही कपाटात पडून नाही, शिफ्टगणिक हातात फिरतोय.